थडग्यासाठी एक कॅमेरा

बस पाच मिनिटं आधी निघून गेली. आधी! उशिरा गेली असती तर मी तोंडातून ब्र काढला नसता. आमच्या झायेचार गावात बस उशिराच सुटते, ती तिची रीतच आहे. पण त्या दिवशी स्टँडवर मी, डोक्यावर ऑक्टोबरचा थंडगार पाऊस, आणि लांब वळणावर बसचे मागचे लाल दिवे! ड्रायव्हरच्या सात पिढ्यांना सांगायचं ते सांगितलं आणि समोरच्या दुकानाच्या छपराखाली जाऊन उभी राहिले.

दोन मिनिटं झाली नसतील, माझ्या मागचं दार किलकिलं झालं. एक लांबडा माणूस. चष्मा केसांत खोचलेला, हातात इवलासा स्क्रूड्रायव्हर.

"बाई, आत तरी या, नाहीतर जरा बाजूला तरी सरका."

"का? पाऊस तुमच्या मालकीचा आहे?"

"पाऊस नाही, काच माझी आहे. तुम्ही उजेड अडवलाय. मला स्क्रू दिसेना."

आता तुम्हीच सांगा पोरींनो, भिजलेल्या बाईशी असं बोलतात का? मला असा राग आला की बाजूला सरकायचं सोडून मी सरळ आत गेले. पाय पुसले नाहीत. मुद्दाम.

आत बघते तर सगळीकडं कॅमेरे. उघडे, बिनडोळ्यांचे, पोट फाडलेले. आणि काचेच्या कपाटात मधोमध एक काळाभोर, चकचकीत, नवाकोरा. दोन महिने मला कॅमेरा हवा होता. बस सुटली म्हणून का होईना, समोर आला होता.

"हा दाखवा," म्हटलं.

"कशाला हवाय?"

"कांदे चिरायला! कॅमेरा कशाला लागतो माणसाला?"

तो हसला नाही. चष्मा डोळ्यांवर आणला आणि माझ्या हातांकडं बघितलं. माझे हात म्हणजे काय, नखांत दगडाची भुकटी, बोटांना सोनेरी रंग. मी हात खिशात घातले.

"कुणाचे फोटो काढणार?"

"म्हाताऱ्यांचे. थडग्यावर लावायला."

"बरं," तो म्हणाला. जसं मी म्हणाले की लग्नाचे काढणार आहे. "पैसे किती आहेत?"

"अठ्ठावीस हजार दिनार."

"हा चौसष्टचा आहे. आणि ही नुसती बॉडी. लेन्स वेगळी घ्यावी लागते. हा तुमच्यासाठी नाही."

तुमच्यासाठी नाही! हे शब्द मी जन्मापासून ऐकतेय. वरची शाळा तुझ्यासाठी नाही, शहर तुझ्यासाठी नाही. माझं नाव स्तांका. आमच्याकडं पोरीवर पोरी झाल्या की बाप कंटाळून शेवटच्या पोरीला हे नाव ठेवतो, म्हणजे आता थांबा, बस झालं. मी चौथी. माझ्यानंतर पाचवीही झाली, ती गोष्ट वेगळी.

"माझ्यासाठी काय आहे ते मी ठरवीन," म्हटलं, आणि दार आपटून बाहेर पडले. पाऊस वाढला होता. पुढची बस दीड तासानं. तरी मी त्या छपराखाली उभी राहिले नाही. राहीन कशाला?

* * *

मी ब्लागोये काकांच्या दगडांच्या वखारीत काम करते. नऊ वर्षं झाली. काळा ग्रॅनाइट घासायचा, नावं कोरली की त्यांत सोनेरी रंग भरायचा. शाळा आठवीपर्यंत, पण अक्षर माझं सोन्यासारखं. आमच्या भागात थडग्याच्या दगडावर माणसाचा चेहरा कोरतात, आणि शहाणी माणसं आपला दगड जिवंतपणीच करून ठेवतात. नाव, चेहरा, जन्माचं साल, मग एक आडवी रेघ आणि पुढं कोरी जागा. दुसऱ्या गावच्या बाया पाहुण्यांना पडदे दाखवत असतील, आमच्या म्हाताऱ्या दगड दाखवतात.

पण फोटो कसले आणतात! ओळखपत्राचा. आमच्याकडं तो पोलीस ठाण्यात काढतात, भिंतीला टेकवून. ऐंशी वर्षं माणूस जगला, हसला, नाचला, पोरं वाढवली, आणि कायमचं दगडावर राहायचं ते कोंबडी चोरताना सापडल्यासारखं तोंड करून! त्यात ब्लागोये काकांनी शहरातून एक चिकटव्या धरला होता. तो ओळखपत्रातलं मुंडकं कापायचा आणि कॉम्प्युटरवर कोटावर चिकटवायचा. एकाच कबरस्तानात तीन म्हातारे, तिघांना एकच कोट, एकच टाय, टायला एकच सुरकुती. एका आजीनं जन्मभर बकऱ्या राखल्या, तिच्या गळ्यात मोत्यांची माळ! मी त्या दगडात रंग भरायला नकार दिला.

"मग तू काढ फोटो," काका म्हणाले. ही दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट.

मी मोबाइलवर काढून बघितले. जवळ गेलं की नाक बटाट्याएवढं. लांब गेलं की माणूस मुंगीएवढा, आणि तो मोठा केला की चेहऱ्यावर नुसते चौकोन.

बस चुकायच्या आदल्या दिवशी काकांनी ते बघितले आणि मोबाइल टेबलावर ठेवला. "हे बघ स्तांका. पितरांचा शनिवार तीन आठवड्यांवर आलाय. क्रुशार गावच्या पाच जोड्या आहेत, एका दगडावर नवरा-बायको. त्यांचे नीट फोटो आणलेस तर फोटोंचं काम कायमचं तुझं. नाही आणलेस तर चिकटव्याशी वर्षाचा करार करतो. आणि मग पुढच्या वेळी मोत्यांची माळ आली तरी मुकाट्यानं रंग भरायचा."

म्हणून कॅमेरा. हौस नव्हती ती.

* * *

रविवारी मी जुन्या बाजारात गेले. तिथं लोक चादरीवर काय काय मांडतात, घड्याळं, किल्ल्या, कुणाच्या तरी आज्याची पदकं. एका मिशीवाल्याकडं कॅमेरा होता, वर हातभर लांब लेन्स, शिवाय बॅग, शिवाय तिवई. सगळं मिळून सत्तावीस हजार. मी पैसे काढलेच होते, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढं आला आणि त्यानं लेन्समध्ये बॅटरीचा झोत मारला.

"बुरशी," मागून आवाज आला. "बघा. जाळं धरलंय आत."

तोच. लांबडा.

"तुझं काय जातंय रे?" मिशीवाला खवळला.

"माझं काही जात नाही. यांचे सत्तावीस हजार जातायत. आणि शटर किती पडलंय याचं? दोन लाख वेळा?"

"माझ्या आज्यानं वापरलाय फक्त! लग्नकार्यात!"

"आज्या फार लग्नांना जायचा म्हणजे."

आजूबाजूचे हसले. मिशीवाल्यानं आम्हा दोघांना मिळून एकच शिवी दिली, नवरा-बायकोला देतात तसली, आणि चादर आवरायला लागला. आणि मी? मला त्याचाच राग आला. लांबड्याचा.

"तुम्ही माझ्या मागावर आहात का?"

"मी दर रविवारी येतो. तुम्ही आज पहिल्यांदा आलात. तर मागावर कोण आहे?"

"मला कळलं असतं बुरशी आहे ते!"

"कळलं असतं. घरी गेल्यावर." मग जरा थांबून म्हणाला, "मी वेल्को. त्या दिवशी... मला म्हणायचं होतं की तो कॅमेरा तुमच्या कामाचा नाही. तुम्ही कामाच्या नाही असं नव्हतं म्हणायचं. मला नीट बोलता येत नाही."

"ते दिसतंय."

"कॉफी घेणार?"

मी त्याला सांगणार होते की स्वतःची कॉफी स्वतः पी. पण थंडी होती, आणि त्याचा चष्मा धुक्यानं पांढरा झाला होता, त्यातून तो मला शोधत होता... म्हटलं चला, एक कप.

कॉफी पिता पिता त्यानं साखरेची डबी माझ्यासमोर ठेवली. "ही बॉडी. नुसता डबा. उजेड धरून ठेवायचा डबा. डबा जुना असला तरी उजेडाला काय फरक पडतो? तुम्हाला काय हवंय, चेहरा. शांत, जवळचा, नाक नाकाएवढं. त्याला लागते एक लेन्स, न हलणारी, पन्नास मिलिमीटरची. झूम नको. बॅग नको. तिवई नको. पैसा काचेत घालायचा. डबा भंगारातला चालतो."

"म्हणजे मला भंगार विकणार."

"हो," तो म्हणाला. एवढ्या सरळपणानं मला आजवर कुणी फसवलं नव्हतं.

त्यानं दुकानात नेलं. डबा खरंच भंगार होता, मुठीचं रबर सुटलेलं, एका कोपऱ्याला पोचा. लेन्स मात्र लहानशी, गोल, आत जांभळट हिरवी झाक. मांजराच्या डोळ्यासारखी. त्यानं ती डब्याला लावली, किंचित फिरवली, टक् असा आवाज आला.

"खिडकीपाशी बसतो मी. काढा."

मी डोळा लावला. आणि बघा, दुकान गेलं. कॅमेरे गेले. मागचं सगळं धूसर, मऊ, आणि मधे फक्त तो. नाक नाकाएवढं. दाढीच्या खुंटांत दोन पांढरे केस. तो माझ्याकडं बघत होता, म्हणजे लेन्सकडं... म्हणजे काय माहीत कुठं. 

"श्वास सोड," तो म्हणाला. मग घाईनं, "सोडा."

"सोड म्हटलंस तरी चालेल," मी म्हटलं. डोळा काढला नाही मी. काढला असता तर मला ते म्हणताच आलं नसतं.

टक्.

मग त्यानं माझ्या हातातून कॅमेरा घेतला. "आता उभ्या माणसावर बघू चालते का."

"माझा नाही काढायचा! खबरदार!"

टक्.

"मी नाही म्हटलं होतं!"

"म्हणून तर चांगला आलाय." त्यानं कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडं फिरवला.

ती बाई रागावलेली होती. भुवया वर, ओठ अर्धा उघडा, शब्द अजून बाहेर यायचाय. खिडकीचा उजेड तिच्या गालावर पसरलेला. मी ती बाई कधी बघितली नव्हती. माझ्याकडं असं नीट कुणी बघितलंच नव्हतं, आणि या बाबाला भेटून दोन दिवसही झाले नव्हते. मला त्याचाही राग आला.

"किती?" मी विचारलं.

"पंचवीस."

"अठ्ठावीस आहेत माझ्याकडं. कमी कशाला सांगतोस? मी भीक मागायला आले नाही."

"अगं पंचवीसच किंमत आहे! पेटीवर लिहिलंय!"

लिहिलेलं होतं. मी मोजून दिले, आणि उरलेल्या तीन हजारांत मेमरी कार्ड घेतलं, त्यातही बाराशे परत आले.

"पहिल्या दिवशी मी बरोबर येतो," वेल्को म्हणाला. "डबा जुना आहे, वाटेत बंद पडला तर..."

"आत्ता सांगतोस?"

"बंद नाही पडणार. पण मी येतो."

* * *

क्रुशारला आम्ही त्याच्या खटारा गाडीनं गेलो. हीटर चालत नव्हता. एक घोंगडी होती, तो म्हणाला तू घे, मी म्हटलं तू घे, शेवटी ती दोघांच्या गुडघ्यांवर आली आणि गिअर बदलताना दर वेळी त्याचा हात... असू दे. रस्ता खराब होता. गिअर फार बदलावे लागले.

प्रत्येक घरी दारातच चमचाभर मुरंबा आणि पाण्याचा पेला. मग राकिया, फळांची घरची दारू. तिसऱ्या घरापर्यंत मला दोन म्हातारे दिसायला लागले, तिथं एकच होता. पण फोटो यायला लागले पोरींनो! मी त्यांना दारात बसवायची, आतला अंधार मागं, बाहेरचा उजेड तोंडावर. वेल्को पांढरी चादर धरून उभा राहायचा, उजेड सावलीकडं वळवायला. दोरीवरच्या धुण्यासारखा दिसायचा. त्यालाच बघून म्हातारे हसायचे, आणि मी टक् करायची.

शेवटचं घर येलित्सा आजीचं. वय एक्याऐंशी. नवरा रांजेल मागच्या नोव्हेंबरात गेला, त्याचा पहिला पितरांचा शनिवार. त्या दिवशी दगड उभा राहायलाच हवा होता. आजीनं नवऱ्याचा फोटो दिला तो फौजेतला, बाविसाव्या वर्षीचा.

"आजी, तो बावीसचा आणि तुम्ही एक्याऐंशीच्या? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील म्हातारीनं जवान नवरा पटकावला. म्हणू देत." मग चादरीकडं हनुवटी केली. "हा कोण?"

"कॅमेरेवाला."

"लग्न झालंय?"

"आजी!"

"तुला नाही विचारलं."

चादरीमागून आवाज आला, "नाही झालं."

"का? काही खोट आहे?"

"दुकानात उजेड कमी येतो, आजी. कुणाला दिसतच नाही मी."

म्हातारी अशी हसली की दात नसलेलं तोंड, डोळ्यांच्या रेघा, सगळं एकदम पेटलं. टक्. तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो आहे. निघताना आजीनं मनगट धरलं. "दगडावर जायच्या आधी मला दाखवायचा. नाक वाकडं असेल तर मी मरायची नाही, सांगून ठेवते."

* * *

आता घोटाळा ऐका, आणि कुणाची चूक ते तुम्हीच ठरवा.

आम्ही दगड घासतो, अक्षरं कोरतो. चेहरे मात्र मितार कोरतो. तो दुसऱ्या गावचा, सुईसारख्या हत्यारानं ठिपका ठिपका करून. त्याच्याकडं दगड जातात आणि फोटो जातात, नावं तो वाचत नाही, त्याला चेहऱ्यांशी काम. वेल्कोनं फोटो छापून मोठ्या पाकिटात घालून दिले, जोडी जोडी टाचणीनं जोडून. मी त्यातून सगळ्यात वरची, येलित्सा आजीची जोडी काढून घेतली, दाखवायचं वचन होतं म्हणून. उद्या परत ठेवीन म्हटलं. बाकीचं पाकीट काकांच्या टेबलावर. मी बाकीचं बघितलं नाही, कारण ते सगळे मीच काढले होते. बघायचं काय?

आणि काकांनी मला न विचारता, त्याच संध्याकाळी, पाचही दगड आणि पाकीट ट्रकनं धाडून दिलं!

"अहो, आजीची जोडी माझ्याकडं आहे!"

"पाच जोड्या आहेत, मी मोजल्यात," काका म्हणाले.

चार असायला हव्या होत्या. पण काका म्हणाले मोजल्यात, आणि मला वाटलं वेल्कोनं आजीची जोडी दोनदा छापली असेल. बाई गं, किती गाढव असावं माणसानं!

शनिवारच्या आधीच्या मंगळवारी ट्रक आला. पहिले चार दगड उतरले. काय चेहरे होते! काका अंगठ्यानं मिशी चोळत राहिले, म्हणजे खूश. मग पाचव्याचं गोणपाट काढलं.

तिथं मी होते. भुवया वर, ओठ अर्धा उघडा. आणि माझ्या शेजारी, चष्मा केसांत खोचून, वेल्को. नवरा-बायको. काळ्या ग्रॅनाइटवर. कायमचे.

काका खाली बसले. तसेच, चिखलात. मग मितारला फोन लावला, मोठ्यानं, मला ऐकू येईल असा.

"रडत रडत कोरलं रे," मितार म्हणत होता. "एवढी तरुण पोरं... अपघात ना?"

"अपघातच," काका माझ्याकडं बघत म्हणाले. फोन ठेवला. "म्हातारीच्या नवऱ्याचा पहिला शनिवार, आणि तिच्या दगडावर तू! चिकटव्यानं कोट एकसारखे घातले, पण माणसं तरी नाही बदलली! शनिवारी दगड उभा राहिला नाही तर फोटोचं नाव काढायचं नाही माझ्यासमोर."

मी बसची वाट बघितली नाही. चार किलोमीटर चालत दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, ते माझा चेहरा बघून आपोआप बाहेर गेलं.

"आपले फोटो पाकिटात कुणी घातले?"

वेल्को पांढरा पडला. "मी."

"टाचणी कुणी लावली?"

"...मीच."

"का?"

तो स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. मी तो उचलून माझ्या खिशात टाकला. "बोल."

"मला वाटलं... तू सगळं पाकीट बघशील. शेवटी ठेवले होते. तुला दिसतील. मग तूच काहीतरी बोलशील, तुला बोलता येतं..."

"मला दिसले नाहीत! मितारला दिसले! आणि तो रडला!" माझा आवाज चिरकला. "दोन महिने एकेक दिनार साठवला मी. त्या म्हाताऱ्यांना माणसासारखं दिसता यावं म्हणून. आणि तू एका टाचणीनं..."

तो उठला. कोट चढवला. "कुठं राहतो मितार?"

"कशाला?"

"दगड दोन्ही बाजूंनी घासलेला असतो का?"

म्हणजे आजीची जोडी मागच्या बाजूवर कोरायची! असतो. आमचा असतो. मीच घासते.

* * *

मितारला आम्ही रात्रीच घेऊन आलो. आम्हाला जिवंत बघून तो आधी घाबरला, मग चिडला. म्हणाला, माझे अश्रू फुकट गेले. तीन दिवस तो वखारीत ठिपके देत बसला, वेल्को दिवा धरायचा, मी नव्यानं कोरलेली अक्षरं रंगवायची. आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही, आणि त्याला तर येतच नाही.

शुक्रवारी काकांनी घासायचं मशीन काढलं. मागची बाजू, म्हणजे आम्ही, पुसून टाकायला. तेवढ्यात येलित्सा आजी आली. आधी पुढून बघितलं. नवऱ्याच्या बावीस वर्षांच्या गालावर हात फिरवला, मग स्वतःच्या हसण्यावर.  मग मागं गेली.

"मशीन ठेव," म्हणाली.

"आजी, हे जिवंत आहेत!" काका ओरडले.

"मी काय मेलेय? मला कोरलंच ना? दगड माझा आहे. पैसे मी भरलेत."

"अहो पण लोक..."

"घासायचं ते ह्यांचं लग्न लागल्यावर. त्याआधी कुणी हात लावला तर मी पैसे परत मागेन."

"कुणाचं लग्न?" मी किंचाळले. "मला कुणी विचारलं तरी आहे का?"

आजीनं वेल्कोकडं बघितलं. वेल्कोनं जमिनीकडं.

शनिवारी अख्खं क्रुशार कबरस्तानात. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या, उकडलेला गोड गहू, पाव, वाइनचे दोन थेंब मातीत. येलित्सा आजीच्या दगडासमोर रांग लागली. "नाक बघ, अगदी तिचंच नाक!" "रांजेल असाच होता, अगदी असाच." मग एकेक जण हळूच मागं जायचा, आणि तिकडून खसखस ऐकू यायची. एक काकू तर आमच्यासमोर मेणबत्ती लावून गेली, चुकून की मुद्दाम देव जाणे.

मी रागानं लाल झाले होते. पण ब्लागोये काका आले. त्यांच्या हातात कागद होता, त्यावर अकरा नावं. "ह्यांना फोटो हवेत. कोट नको म्हणतात. घरच्या कपड्यांत, दारात बसून." कागद माझ्या हातात कोंबला. "चिकटव्याला नाही म्हणून कळवलंय. उगाच रडू नकोस, रंग भरायला सोमवारी यायचंच आहे."

मी रडत नव्हते. धूर होता मेणबत्त्यांचा.

वळले, तर वेल्को दगडाच्या मागच्या बाजूला उभा. मी समोर जाऊन ठाकले.

"सगळं गाव बघून गेलं," म्हटलं. "थडग्यावर तुझी बायको झालेय मी. आणि जिवंतपणी मला अजून एक शब्द विचारलेला नाहीस. ही कुठली रीत? आधी मरण, मग लग्न?"

"स्तांका..."

"हं."

"तू त्या दिवशी उजेड अडवलास ना... तेव्हापासून मी तो स्क्रू बसवलेला नाही." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, उलटा. "मला तू समोर उभी असलेली बरी वाटतेस. उजेड अडवून. रोज."

"ह्यात प्रश्न कुठं आहे?"

त्यानं छाती भरून श्वास घेतला. आणि तो माणूस, ज्याला बोलता येत नाही, तो असा ओरडला की पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं दचकली.

"माझ्याशी लग्न करशील का?"

 हातातला पाव हातात, वाइनची बाटली वाकडी. सगळ्या माना आमच्याकडं.

"करीन," मी दातओठ खात म्हटलं. "पण हळू बोल मेल्या, माणसं झोपलीत."